आतोबांचं गप्प शिसं

गावच्या शाळेत मास्तरांनी एकदा घरच्या वडीलधाऱ्यांचे धंदे विचारले. मी उभा राहून सांगितलं, "माझे आतोबा शिशाचं काम करतात." मागच्या बाकावरून आवाज आला, "शिसपेन्सिली विकतात काय रे?" अख्खा वर्ग हसला. मास्तरही हसले, आणि मग म्हणाले की शिसपेन्सिलीत शिसं नसतंच मुळी, असतो तो कार्बन. विज्ञानातली माझी पुंजी पुढची बरीच वर्षं एवढीच होती. तेवढ्या पुंजीवर मला एका संशोधन संस्थेच्या भांडारात कारकुनाची नोकरी लागली, आणि मी राहायला आत्याकडे आलो. म्हणजे आतोबांकडेही आलो, पण त्या घरात आतोबांचं असं वेगळं काही धरायची पद्धत नाही.

गल्लीत त्यांना सगळे शिसोबा म्हणतात. तोंडावर म्हणतात, आणि ते ओ देतात. बुटका माणूस, जाड मनगटं, मनगटांवर भाजल्याचे पांढरे ठिपके. त्यांच्या उमेदीत पाण्याचे नळ शिशाचे असत. दोन नळ्यांची तोंडं जुळवायची, वितळलेलं शिसं वर ओतायचं आणि ते थिजायच्या आत फडक्याने पुसून गुळगुळीत फुगीर जोड करायचा, हे त्यांचं काम. तो जोड गळला तर कारागिराने गाव सोडावं असा तेव्हाचा दंडक. मग लोकांना कळलं की शिशातलं पाणी पोटाला बरं नाही. नळ उपटले गेले. लोखंड आलं, मागोमाग प्लास्टिक आलं.

"डिंक लावून पाणी अडवतात आता," आतोबा म्हणायचे. "पाण्यालाही लाज वाटत असेल, कशाला अडलो म्हणून."

हल्ली ते शेजाऱ्यापाजाऱ्यांचे वॉशर बदलून द्यायचे. त्याला ते काम म्हणत नसत. एकदा जेवताना ते सहज बोलल्यासारखं बोलले, "चाळीस वर्षं जोड केले. या शहरात त्यातला एकही जमिनीत उरला नाही. मी इथे काय केलं असं कोणी विचारलं तर दाखवायला बोटभर वस्तू नाही." आत्या म्हणाली, "मी आहे ना." ते म्हणाले, "तू मी केलेली नाहीस." त्यावर आत्याने त्यांना भाजी वाढली नाही. पण ते गमतीत म्हणत नव्हते, हे मला त्यांच्या घास थांबण्यावरून कळलं.

त्यांच्या घराच्या खालच्या खोलीत फर्निचर नाही, शिसं आहे. फार वर्षांपूर्वी एक दोनशे वर्षांची इमारत पाडली. तिच्या छपरावर शिशाचे पत्रे होते आणि ते कोणालाच नको होते. आतोबांनी ते हातगाडीवर घालून आणले, गुंडाळले आणि भिंतीला लावून ठेवले. "लोकांच्या घरात सोनं असतं," आत्या म्हणायची, "आमच्याकडे वजन आहे."

तर एके दिवशी आमच्या संस्थेच्या मोजणी विभागाच्या बाई भांडारात आल्या. बाई पन्नाशीच्या, केसांच्या अंबाड्यात पेन खोचलेलं, जे त्या दिवसभर शोधत असतात. त्यांचा विभाग तळघरात. कुठे उत्खनन झालं की तिथला कोळसा, लाकडाचा तुकडा, हाड असं काहीबाही त्यांच्याकडे येतं आणि त्या त्याचं वय सांगतात. त्यांना शिसं हवं होतं. मी त्यांना कोपऱ्यातल्या नव्याकोऱ्या शिशाच्या विटा दाखवल्या.

"या नकोत. या बोलक्या आहेत," बाई म्हणाल्या.

मी विटांकडे पाहिलं. विटा काही बोलल्या नाहीत.

"मला म्हातारं शिसं हवंय. जितकं म्हातारं तितकं बरं."

"मग घरी चला," मी म्हणालो. "आमच्याकडे शिसंही म्हातारं आहे आणि शिसेवालाही."

बाई खरंच आल्या. खालच्या खोलीत त्यांनी पत्र्याच्या गुंडाळीवर अशी थाप मारली, जशी लोक गुणी म्हशीच्या पाठीवर मारतात. आतोबा दारात उभे. आपल्या शिशाला कोणी मागणी घालायला येईल असं त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. त्यामुळे ते मुलीच्या बापासारखे थोडे कडक आणि थोडे घाबरलेले होते.

"काय करणार तुम्ही याचं?" त्यांनी विचारलं.

आता बाईंनी जे सांगितलं ते मी जसं समजलो तसं लिहितो. चूक असेल तर ती मास्तरांच्या खाती.

झाड जिवंत असतं तोवर हवेतून कार्बन घेत राहतं. त्यात एक अगदी चिमूटभर कार्बन किरणोत्सारी असतो, म्हणजे त्याचे कण आपोआप, एकेक करून फुटत राहतात. झाड मेलं की नवा कार्बन घेणं बंद. मग आतली चिमूट नुसती फुटत राहते आणि कमी होत जाते. साधारण पावणेसहा हजार वर्षांत ती निम्मी होते. किती उरली ते मोजलं की झाड कधी मेलं ते कळतं. एकेक कण फुटला की बाईंच्या यंत्रात एक टिक पडते. त्या टिका मोजायच्या.

"काका, तुम्ही नळाचे कारागीर ना?" बाई म्हणाल्या. "समजा एक टाकी आहे, वरून पाणी बंद केलंय आणि खाली गळती आहे. टाकी भरलेली असते तेव्हा गळती जोरात. पाणी खाली गेलं की दाब कमी, गळती मंद. अगदी तसंच नाही, पण साधारण तसं."

आतोबांचा चेहरा उजळला. टाकी त्यांच्या ओळखीची होती. "म्हणजे पावणेसहा हजार वर्षांत अर्धी टाकी गेली."

"बरोबर."

"आणि पुढच्या पावणेसहा हजारांत उरलेली अर्धी. टाकी रिकामी."

"नाही. उरलेल्याची अर्धी. म्हणजे पाव उरते."

"मग पुढे?"

"पावाचा अर्धा."

"रिकामी कधी होते?"

"तशी होतच नाही."

आतोबांनी बोटाने हवेत टाकी काढली, तिचा तळ शोधला. मग हळू आवाजात, बाईंचा मान राखून म्हणाले, "बाई, जी टाकी रिकामी होत नाही तिच्यात गळती नाही. कोणीतरी फसवतंय तुम्हाला."

बाई हसल्या. माझ्याकडे पाहून मदत मागितली. मी छताकडे पाहिलं. मला आतोबांचं पटलं होतं.

शिशाचा भाग त्या मानाने सोपा निघाला. बाईंकडे आलेला कोळसा फार जुना होता. त्यात चिमटीतल्या चिमटीतलीही चिमूट उरलेली, टिका अगदी तुरळक. आणि यंत्राला बाहेरून सतत उपद्रव: आकाशातून काही येतं, भिंतीतून येतं, जमिनीतून येतं, आणि त्याच्याही टिका पडतात. म्हणून यंत्राभोवती शिशाची जाड भिंत बांधायची. पण खाणीतून नुकतं काढलेलं शिसं स्वतःच टिका पाडतं, कारण त्यात त्याचा एक किरणोत्सारी भाऊ मिसळलेला असतो आणि तो काही केल्या वेगळा करता येत नाही. तो निम्मा व्हायला बावीस वर्षं लागतात. दोनशे वर्षांपूर्वी छपरावर चढलेल्या शिशात तो इतक्यांदा निम्मा झाला की आता जवळजवळ नाहीच.

"म्हणजे नवं शिसं कलकल करतं आणि म्हातारं गप्प बसतं," आतोबा म्हणाले.

"अगदी!"

"माणसांत उलटं असतं," आत्या जिन्यावरून म्हणाली.

बाईंनी पत्र्याचा तुकडा नेऊन तपासला. गप्प निघाला. संस्थेने शिसं घेतलं आणि विटा ओतून भिंत बांधायचं काम आतोबांना दिलं. संस्थेच्या मागच्या अंगणात भट्टी लागली. आतोबा सकाळी दाढी करून, भांग पाडून कामाला जाऊ लागले. आत्याने त्यांच्यासाठी जुना चामड्याचा एप्रन शोधून काढला आणि तो पोटावर बसेना म्हणून दोरी वाढवून दिली. भिंत तळघरात, कुलपात राहणार, तिला पाणी लागणार नाही की ऊन, ती कोणी उपटणार नाही, हे त्यांनी माझ्याकडून चारदा वदवून घेतलं.

"भिंत राहील ना रे? मी गेल्यावरही?"

"आतोबा, बाईंच्या धंद्यात हजार वर्षं म्हणजे कालची गोष्ट. राहील."

मी दुपारी जेवणाच्या सुट्टीत अंगणात जायचो. ते पत्रा कापून कढईत टाकत, वर आलेली मळी पळीने काढत, आणि रस आरशासारखा झाला की खिशातून एक चकचकीत नवी कांडी काढून आत सोडत. मग साचा. वीट बाहेर यायची ती अशी देखणी की हात लावू नये. कडांना खाचा अशा की एक वीट दुसरीत बसली की मधून प्रकाशही जाऊ नये. कांडी कशाला, असं मी विचारलं नाही. ओतकामात असंच असेल असं मला वाटलं. मला ओतकामातलं तेवढंच कळतं, जेवढं आतोबांना बाईंच्या टाकीतलं.

भिंत उभी राहिली. कोठडीच म्हणा: चार बाजू, वर झाकण, मध्ये यंत्र. बाईंनी आत काहीच न ठेवता यंत्र चालू केलं. आत काही नाही म्हणजे टिका अगदी कमी पडायला हव्यात.

टिका बदाबदा पडल्या.

इथून पुढे तळघरात जो गोंधळ सुरू झाला त्यात शहाणं कोणीच उरलं नाही. बाईंनी आधी यंत्र उघडून पुन्हा जुळवलं. टिका तेवढ्याच. मग तळघराच्या भिंतींच्या रंगावर संशय आला, रंग खरवडला. टिका तेवढ्याच. बाईंच्या हाताखालच्या मदतनिसाच्या मनगटावर आजोबांचं घड्याळ होतं, अंधारात चमकणाऱ्या काट्यांचं. ते काढून वरच्या मजल्यावर कुलपात टाकलं. तो बिचारा रोज केळं खायचा. केळ्यातही काहीतरी किरणोत्सारी असतं म्हणे, म्हणून केळ्याला तळघरात बंदी झाली. टिकांना केळ्याचं काही नव्हतं. त्या पडतच राहिल्या.

आतोबा एका स्टुलावर बसून हे सगळं पाहत. मधूनच उठून विटेला कान लावत.

"काका, ते कानाला ऐकू येत नाही," बाई म्हणाल्या.

"मला गळती ऐकू येते बाई. भिंतीतली येते, जमिनीतली येते. ही येत नाही, म्हणजे ही नाही."

"आहे काका. कुठून येतेय तेच कळत नाही. कदाचित माणसांमुळेही असेल. तुम्ही जरा लांब बसा."

"माझ्यामुळे?"

"माणसाच्या अंगातही कार्बन असतो, इतरही काही असतं. आपण सगळेच थोडे थोडे टिकटिकतो."

आतोबा लांब बसले. घरी येताना ते मनगटावरची नाडी पकडून चालत होते. रात्रीच्या जेवणाला बसल्यावर त्यांनी आत्याला सांगितलं, "अगं, मीसुद्धा वाजतो म्हणे."

"ते मला लग्नाच्या पहिल्या रात्रीपासून माहीत आहे," आत्या म्हणाली. "घराला शिशाची भिंत मला हवी होती."

गंमत तिथेच संपली, कारण दुसऱ्या दिवशी संचालकसाहेब तळघरात उतरले. महिन्याअखेर बाहेरगावाहून एक समिती पाहणीला येणार होती. तोवर यंत्र गप्प झालं नाही तर विभाग बाहेरून तयार कवच मागवेल, आणि ही भिंत काढून शिसं भंगारात जाईल. साहेब वाईट माणूस नव्हता. त्याने विटेवरून हात फिरवला आणि म्हणाला, "दिसायला मात्र काय सुंदर आहे हो!"

आतोबा "हो" म्हणाले. मग मला म्हणाले, "भंगारात म्हणजे वितळवणार?"

मी म्हणालो, "बहुतेक."

त्या आठवड्यात त्यांनी शेजाऱ्यांचे वॉशरही बदलले नाहीत. शेजारच्या आजी दोनदा हाक मारून गेल्या. आतोबा खुर्चीत बसून, जी टाकी कधीच रिकामी होत नाही तिचा विचार करत होते. मला विचारायचे, "मी जोड कुठे चुकवला असेल? फट आहे का कुठे? आकाशातलं काहीतरी आत शिरत असेल." त्यांनी एक दिवस तळघरात जाऊन प्रत्येक सांध्यात पातळ कागद घालून पाहिला. कागद कुठेच जाईना. फट असती तर त्यांना बरं वाटलं असतं. फट बुजवता येते.

उलगडा झाला तो चहा पिताना. बाई, त्यांचा मदतनीस, आतोबा आणि मी अंगणात थंड भट्टीजवळ बसलो होतो. बाई नुसतं बोलायचं म्हणून म्हणाल्या, "काका, विटा मात्र तुम्ही फार सुरेख ओतल्यात. तुकडा तपासला तेव्हा तो किती खडबडीत, काळपट होता. या इतक्या चकचकीत कशा झाल्या?"

आतोबांना कितीतरी दिवसांनी कोणी कामाबद्दल विचारलं होतं. ते सरसावून बसले.

"जुनं शिसं एकटं बरं वाहत नाही बाई. साच्याच्या कोपऱ्यात आळस करतं. आमच्या उस्तादांची रीत होती, दर ओतीला एक नवी कांडी घालायची. म्हाताऱ्यांच्या पंगतीला एक तरुण वाढपी लागतो, असं ते म्हणायचे. मी तुमच्या कामात हात आखडला नाही. भांडाराकडे मागितलीसुद्धा नाही, बाजारातून आणली. अस्सल, नवीकोरी, शिक्का मारलेली."

बाईंचा कप ओठांपर्यंत गेला होता तो तिथेच थांबला. मदतनिसाने माझ्याकडे पाहिलं. मी कपात पाहिलं.

"प्रत्येक ओतीला?" बाईंनी अगदी हळू विचारलं.

"प्रत्येक. एकसुद्धा चुकवली नाही."

बाईंनी कप खाली ठेवला. अंबाड्यातलं पेन काढलं, पुन्हा खोचलं. "चूक माझी आहे," त्या म्हणाल्या. "म्हातारं शिसं हवं एवढंच मी सांगितलं. त्यात काही घालू नका हे सांगायचं मला सुचलंच नाही."

"घातलं तर काय झालं? जुनं तर तेवढंच आहे. मी त्यातलं काही काढलं नाही."

"काका, शंभर म्हातारे एका खोलीत गप्प बसलेत. त्यात एक तान्हं मूल आणून ठेवलं आणि ते रडायला लागलं. खोली शांत आहे म्हणाल?"

"मूल उचलून बाहेर न्यावं."

"ते आता सगळ्यांत मिसळलंय. निवडता येत नाही."

आतोबांनी हे चावून पाहिलं. मग त्यांना काहीतरी सुचलं आणि ते अधीरपणे म्हणाले, "पण ते निम्मं होतं ना? तुम्हीच म्हणालात. थांबू या की!"

"बावीस वर्षं."

"मग शांत?"

"मग निम्मं. आणखी बावीस वर्षांनी पाव."

"आणि रिकामं..." आतोबांनी सुरुवात केली आणि उत्तर माहीत असल्यामुळे सोडून दिलं. त्यांनी बोटांवर स्वतःचं वय आणि बावीस यांची बेरीज केली. बोटं मिटली. "म्हणजे काम माझ्याच हाताने बिघडलं."

अशा वेळी "तसं नाही हो" म्हणायचं असतं, पण तसंच होतं.

बाई दोन दिवस तळघरात बसून हिशेब करत राहिल्या. तिसऱ्या दिवशी त्या आमच्या घरी आल्या. त्यांचं म्हणणं असं: बाहेरचा उपद्रव अडवायला आतोबांच्या विटा चांगल्याच आहेत, त्यांचा आपला आवाज तेवढा आत जायला नको. तेव्हा त्याच भिंतीच्या आत आणखी एक पातळ भिंत घालायची, अस्सल जुन्या शिशाची. बाहेरची आकाशाला थोपवेल, आतली बाहेरचीला.

"पण जुनं शिसं तर सगळं दिलं," मी म्हणालो.

आतोबांचे डोळे वर गेले. आत्याने ते पाहिलं आणि ती ताडकन उभी राहिली.

"अजिबात नाही!"

मला काही कळेना. वर काय आहे? वर गच्ची. गच्चीवर आत्याचे गुलाब. आणि गुलाब कशात? तर पावसाचं पाणी साठवायच्या जुन्या टाकीत, जी घराएवढीच जुनी आणि आतून शिशाच्या जाड पत्र्याने मढवलेली होती. पाणी साठवणं कधीच बंद झालं होतं. आत्याने त्यात माती भरली होती.

"अहो, वीस वर्षं तुम्ही म्हणताय, टाकीला हात लावायचा नाही, बापजाद्यांचं काम आहे. मी एक भोक पाडायला मागितलं पाणी निचरायला, तेव्हा तुम्ही जेवला नव्हतात."

"तेव्हाची गोष्ट वेगळी."

"काय वेगळी?"

"ती भिंत गेली तर माझं काही उरत नाही गं," आतोबा म्हणाले. हे त्यांनी बाईंसमोर, माझ्यासमोर म्हटलं, आणि मग भिंतीकडे पाहत राहिले.

आत्याने पदर खोचला. मग माझ्यावर खेकसली, "बसलायस काय? कुंड्या आण. मुळं तुटली तर तुझी खैर नाही."

दोन दिवस मी माती उपसली. पत्रा निघाला तो काळा, खवल्याखवल्यांचा. बाईंनी तुकडा तपासला. मुका!

मग पुन्हा भट्टी लागली. या वेळी बाई स्वतः खुर्ची टाकून अंगणात बसल्या. कढई नवी, पळी नवी, साचा घासूनपुसून लख्ख. आतोबांनी मळी काढली, रस आरशासारखा झाला, आणि त्यांचा हात खिशाकडे गेला.

"काका, हात बाहेर."

"सवय आहे हो. खिसा रिकामा आहे."

"तरी बाहेर."

ओतलं. वीट निघाली. आतोबांनी ती पाहिली आणि त्यांचा चेहरा पडला. कोपरा पूर्ण भरला नव्हता, वर बारीक खळगे होते, रंग मळकट. "ही परत वितळवू या. मी जरा घासतो, आकार देतो..."

"काही करू नका. अशीच द्या."

"अशी? बाई, ही उस्तादांनी पाहिली असती तर माझ्या डोक्यात घातली असती."

सगळ्या विटा तशाच निघाल्या. आतोबा त्या एखाद्या गुन्ह्यासारख्या फडक्याखाली झाकून तळघरात घेऊन गेले आणि आत रचल्या. फटी राहिल्या होत्या. त्यांनी त्या डोळे मिटून राहू दिल्या असाव्यात. यंत्र चालू झालं. बाई पडद्यासमोर उभ्या. एक टिक. मग इतका वेळ काहीच नाही, की मदतनीस यंत्राची वायर निघाली का ते पाहायला वाकला. मग आणखी एक.

बाईंनी आतोबांचे दोन्ही हात धरून हलवले. आतोबांनी ते हलवू दिले. त्यांना हे आनंदाचं आहे की कसं ते ठरवता येत नव्हतं.

समिती आली. साहेबांनी बाहेरच्या विटांवरून पुन्हा हात फिरवला, समितीतल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनीही फिरवला. भिंत राहणार असं जाहीर झालं. मग कोळसा आत गेला, आणि बऱ्याच दिवसांनी बाईंनी आम्हाला बोलावून त्याचं वय सांगितलं.

"छत्तीस हजार वर्षं! अधिक उणे सहाशे."

"अधिक उणे म्हणजे?" आतोबांनी विचारलं.

"म्हणजे सहाशे वर्षं इकडे किंवा तिकडे असू शकतं. मोजणीत तेवढी ढिलाई राहतेच. तीही नक्की नाही, बहुधा तेवढ्यातच."

आतोबांनी माझ्याकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं. "सहाशे वर्षं इकडे तिकडे चालतात?"

"हो, तशी चालतात."

"आणि माझी एक कांडी चालत नाही?"

बाई हसायला लागल्या. मग थांबल्या. मग म्हणाल्या, "काका, याचं उत्तर आहे, पण ते द्यायला मला फळा लागेल." फळा आला, बाईंनी बरंच काही काढलं. मदतनिसाने मान डोलावली. आतोबांनीही डोलावली, पण पंगतीत वाढप्याला पुरे म्हणताना डोलावतात तशी.

जाताना बाई म्हणाल्या, "काका, भिंतीवर तुमची खूण करा की. कारागीर करतात ना?"

करतात. शिशाच्या कारागिराचा ज्याचा त्याचा ठसा असतो. काम मनासारखं उतरलं तरच हातोडीने उठवायचा, नाहीतर नाही, असा नियम. आतोबांचा ठसा म्हणजे एक छोटं पान. जमिनीतल्या नळांबरोबर ती सगळी पानं गेली. त्यांनी दुसऱ्या दिवशी घरून ठसा आणि हातोडी नेली. मीही गेलो. ते बाहेरच्या एका देखण्या विटेसमोर उभे राहिले, ठसा टेकवला आणि उचलला. "ही बोलकी आहे. हिच्यामुळे काम बिघडलं होतं." मग झाकण सरकवून आत वाकले, मळक्या, खळग्यांच्या विटांकडे पाहिलं. "काम हिच्यामुळे झालं. पण हिच्यावर मी माझं नाव कसं लावू? हिच्यात मी काहीच केलं नाही. जे करत होतो ते बाईंनी करू दिलं नाही."

"दोन्हींवर करा," मी म्हणालो.

"काम एक, खूण एक."

"मग बाहेरच्यावर करा. लोकांना दिसेल."

"लोकांना काय कळतंय."

त्यांनी झाकण बंद केलं, ठसा फडक्यात गुंडाळला आणि म्हणाले, "विचार करून सांगतो."

या गोष्टीला आता बरेच महिने झाले. आतोबा दर सोमवारी तळघरात जातात. बाईंना वाटतं ते भिंत बघायला येतात. मदतनीस त्यांच्यासाठी स्टूल पुसून ठेवतो. ते ठसा काढतात, एकदा बाहेरच्या विटेवर टेकवून पाहतात, एकदा झाकण उघडायला सांगतात, आणि यंत्र चालू असल्यामुळे ते उघडता येत नाही असं कळलं की त्यांना सुटल्यासारखं वाटतं. घरी आल्यावर आत्या विचारते, "मारलात का ठसा?"

"यंत्र चालू होतं," ते म्हणतात, आणि तिच्या कुंड्यांना पाणी घालायला गच्चीवर जातात.